शिरका, मध आणि एका नावाची मालकी

2012 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शायर सिटी हर्बल्स या छोट्या कंपनीने ‘फायर सायडर’ या व्हिनेगर-मधाच्या पेयाचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतलं. हेच पेय घरी करून विकणाऱ्या इतरांना ते नाव वापरण्याची बंदी झाली आणि वनौषधींच्या जगात ठिणगी पडली. कारण ज्या नावावर हक्क सांगितला गेला ते कित्येक वर्षं हजारो लोकांच्या तोंडी होतं. आणि पेय म्हणाल, तर त्याचं कूळ थेट ग्रीकांपर्यंत पोचतं.

हे पेय करायला सोपं आहे. लसूण, कांदा, आलं, लाल मिरची आणि हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ चिरून-किसून काचेच्या बरणीत भरायचं, सगळं बुडेल इतकं सफरचंदाचं व्हिनेगर ओतायचं, तीन-चार आठवडे मुरू द्यायचं, मग गाळून चवीपुरता मध घालायचा. थंडीत रोज चमचाभर, पाण्यात मिसळून. हे नाव आणि साधारण हीच कृती रूढ केली रोझमेरी ग्लॅडस्टार यांनी. त्यांनी 1978 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात वनौषधींची शाळा काढली आणि 1980 च्या आसपास तिथल्या स्वयंपाकघरात हे मिश्रण जमवलं. ते त्यांनी पुढे सगळ्यांना मोकळेपणाने शिकवलं. ते कुणी आपल्या नावावर करील, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसावं.

पण शिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि मध ही जोडी त्याहून फार जुनी. ग्रीक भाषेत तिला ‘ऑक्सिमेल’ म्हणत, म्हणजे अक्षरशः ‘आंबट-मध’. हिप्पोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावावर असलेल्या, तीव्र आजारांतल्या पथ्यावरच्या ग्रंथात तिची बरीच चर्चा आहे. ऑक्सिमेलने कफ सुटतो, श्वास मोकळा होतो, असं तो सांगतो. लगेच सावधही करतो: फार आंबट मिश्रणाने कफ बाहेर पडला तर ठीक, नाहीतर तो उलट चिकट होऊन बसतो, म्हणून द्यायचं तर कोमट आणि थोडं थोडं. औषधाच्या स्तुतीबरोबर त्याची खोडही सांगणारा हा वैद्य मला आजच्या बऱ्याच पाककृतींपेक्षा विश्वासार्ह वाटतो.

पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने ऑक्सिमेलची कृती लिहून ठेवली. त्यात मध, शिरका आणि पाण्याबरोबर समुद्री मीठही होतं. पुढे फारसी-अरबी वैद्यकात हेच पेय सिकंजबीन झालं. ‘सिर्का’ म्हणजे शिरका आणि ‘अंगबीन’ म्हणजे मध, या दोन फारसी शब्दांचा तो जोड. मराठीतला ‘शिरका’ही त्याच घरचा. इब्न सिना या मध्ययुगीन वैद्याच्या नावावर तर एकट्या सिकंजबीनवर एक छोटा ग्रंथ आहे. युरोपात रानकांद्याचं ऑक्सिमेल खोकल्याचं औषध म्हणून इतकं टिकलं, की विसाव्या शतकातल्या ब्रिटिश औषधसंहितेतही त्याला जागा होती.

गंमत अशी की बाटली तीच राहिली आणि तिच्या गुणाचं कारण मात्र दर काही शतकांनी बदललं. प्राचीन वैद्यांच्या मते शिरका दाट कफाला ‘कापायचा’. प्लेगच्या काळात आजार दूषित हवेतून पसरतो असं मानत, तेव्हा शिरक्याचं काम वासाने हवा शुद्ध करणं. ‘चार चोरांचा शिरका’ याच काळातला. सेज, रोझमेरी, वर्मवूड या वनौषधी, लसूण आणि कापूर घातलेला हा शिरका अंगाला चोळून चार चोर प्लेगच्या घरांत बिनधास्त शिरत आणि जीव वाचवण्याच्या बदल्यात त्यांनी कृती उघड केली, अशी दंतकथा आहे. कुणी ती तुलूझची सांगतं, कुणी 1720 च्या मार्सेयची. कथा खरी असो-नसो, हा शिरका मात्र खरोखर विकला आणि वापरला जाई. 1793 मध्ये फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ आली तेव्हा लोक शिरक्यात भिजवलेले रुमाल नाकाला लावून हिंडत होते आणि काहींच्या हातात चोरांच्या शिरक्याच्या कुप्या होत्या. पिवळा ताप डासांमुळे पसरतो हे कळायला आणखी शतक जायचं होतं.

शिरका मुळात होतो कसा, हेही लुई पाश्चरने 1860 च्या दशकात दाखवून दिलं. मद्यावर धरणारी साय निर्जीव नसून जिवाणूंची असते आणि तेच हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात. व्हिनेगरच्या बाटलीत तरंगणारी ‘मदर’ म्हणजे हीच जिवाणूंची जाळी.

विसाव्या शतकात या जोडीला नवी हवा दिली डी. सी. जार्व्हिस या व्हरमाँटमधल्या डॉक्टरांनी. 1958 मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात सफरचंदाचं व्हिनेगर आणि मध पाण्यात घालून पिण्याचा सल्ला होता. पुस्तक धो-धो खपलं. मग व्हिनेगर-मधाच्या तयार बाटल्या बाजारात आल्या आणि सरकारी औषध खात्याने त्या जप्त केल्या. दुकानात शेजारीच विकायला ठेवलेली जार्व्हिस यांची पुस्तकं बाटलीचं ‘लेबल’ ठरतात का, म्हणजे त्यांतले दावे बाटलीवरच छापल्यासारखे मानायचे का, यावर वाद रंगला. 1964 साली अपील न्यायालय म्हणालं, या प्रकरणात ठरत नाहीत. म्हणजे फायर सायडरच्या आधी पन्नास वर्षं व्हिनेगर आणि मध कोर्टाची पायरी चढून आले होते.

आज कारण म्हणून ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द वापरतात. त्याबद्दल सरळ सांगायला हवं: या पेयाने सर्दी टळते किंवा लवकर बरी होते, याचा ठोस पुरावा नाही. घटकांची रसायनं मात्र मजेदार आहेत. लसूण ठेचली की त्यातलं एन्झाइम जागं होतं आणि ॲलिसिन बनतं. हॉर्सरॅडिशचा नाकात जाणारा झणका तसाच, किसल्यानंतर तयार होतो. व्हिनेगर ही क्रिया थांबवतं, म्हणून मूळ किसून काही मिनिटं थांबलं तर झणका चढतो आणि लगेच व्हिनेगर घातलं तर तो सौम्य राहतो. जुन्या करणाऱ्यांना यातलं रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, क्रम मात्र ठाऊक होता. पाणी मिसळून प्यायचं तेही दातांसाठी, कारण निव्वळ आम्लाने दातांचं इनॅमल झिजतं. बरणीला धातूचं झाकण असेल तर मध्ये कागद घालावा लागतो, नाहीतर झाकण गंजतं. मध घातलेलं काहीही वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये.

‘फायर सायडर’ नावाच्या वादाचं पुढे काय झालं? 2015 मध्ये कंपनीने तीन वनौषधी-तज्ज्ञ महिलांवर ट्रेडमार्क भंगाचा दावा लावला. त्यांचा बचाव असा की ‘फायर सायडर’ हे कुणाचं ब्रँडनाव नाही, लोणचं म्हणावं तसं एका प्रकाराचं नाव आहे. हे दाखवायला जुनी पुस्तकं आणि वर्गात वाटलेल्या कृती उपयोगी पडल्या. सप्टेंबर 2019 मध्ये स्प्रिंगफील्डच्या फेडरल न्यायालयाने निकाल दिला: नाव सर्वसामान्य आहे, त्यावर कुणाची मालकी नाही. त्या दिवसापासून बरणीवर ‘फायर सायडर’ अशी चिठ्ठी चिकटवून ती विकायला कुणाची आडकाठी उरली नाही.