रयुक्यूचे एकीकरण

रयुक्यूचे एकीकरण : आजच्या जपानमधील ओकिनावा बेटावरील होकुझान (उत्तर), चुझान (मध्य) आणि नान्झान (दक्षिण) ही तीन प्रतिस्पर्धी राज्ये साशिकीचा सरदार शो हाशी (१३७२–१४३९) याने इ. स. १४०६ ते १४२९ या काळात एका सत्तेखाली, म्हणजे रयुक्यू राज्याच्या रूपाने, आणली. त्याआधीच्या कालखंडाला ‘सान्झान’, म्हणजे ‘तीन पर्वत’, असे म्हणतात.

‘राज्य’ हा शब्द इथे जरा जपूनच वापरावा लागतो. ‘अंजी’ म्हणवणारे स्थानिक सरदार आपापल्या ‘गुसुकु’त, म्हणजे दगडी तटाच्या गढीत, राहून भोवतालच्या गावांवर हुकूम चालवीत. त्यांच्यात जो बलिष्ठ, तो राजा. या राजेपदाला वजन आले ते चीनच्या मिंग दरबाराच्या मान्यतेने. चुझानचा राजा सात्तो याने १३७२ मध्ये आपला भाऊ ताइकी याला नजराणा देऊन तिकडे धाडले. १३८० मध्ये नान्झानने आणि १३८३ मध्ये होकुझानने तोच मार्ग धरला. मिंग राजवटीत खाजगी सागरी व्यापाराला बंदी असल्याने नजराण्याचे जहाज हाच व्यापाराचा राजमार्ग होता.

बेटावरून घोडे आणि गंधक जात. १३७४ मध्ये घोडेखरेदीसाठी निघालेल्या मिंग दूतासोबत ६९,५०० मातीची भांडी व ९९० लोखंडी कढया होत्या. तो ४० घोडे घेऊन परतला आणि त्याने दरबारात सांगितले, की तिथल्या लोकांना रेशमाचे अप्रूप नाही, त्यांना भांडी आणि कढया हव्यात. लोखंड बाहेरूनच येई, म्हणून ज्याच्या हाती बंदर त्याच्या हाती नांगराचा फाळ आणि तलवारही. हाशीने आपली आवडती तलवार देऊन परदेशी जहाजावरचे लोखंड मिळवले व त्याची अवजारे करून शेतकऱ्यांना वाटली, अशी दंतकथा आहे. तिला पुरावा नसला, तरी सत्तेचे मूळ कशात होते हे तिने अचूक टिपले आहे.

१४०६ मध्ये हाशीने सात्तोचा मुलगा बुनेइ याला पदच्युत केले, पण गादीवर स्वतः न बसता वडील शिशो यांना बसवले. पुढच्याच वर्षी मिंग दरबाराला कळवले गेले ते मात्र वारसाने वडिलांच्या निधनाची वर्दी द्यावी तसे. दरबाराने शिशोला मान्यता दिली आणि व्यापार अखंड चालू राहिला.

होकुझानची राजधानी नाकिजिन ही सर्वांत अवघड गढी होती. कठीण चुनखडीचे अनघड दगड रचून उभारलेला तिचा नागमोडी तट सुमारे दीड किलोमीटर भरतो. हाशीने आधी उत्तरेतलेच नाराज सरदार आपल्या बाजूला वळवले. परंपरेनुसार सेनानी मोतोबु तेइहारा फितूर झाला. त्याने राजा हानान्ची याला लढण्यासाठी तटाबाहेर काढले आणि मागे गढी पेटवली. परतलेल्या राजाने आपले रक्षण न करणाऱ्या पवित्र शिळेवर ‘चियोगानेमारु’ तलवारीचा घाव घातला व प्राण दिला, असे सांगतात. या नावाची तलवार आज नाहा शहराच्या इतिहास संग्रहालयात आहे. १६५० च्या पहिल्या अधिकृत इतिहासात या विजयाचे साल १४२२ आहे, नंतरच्या इतिहासात १४१६. होकुझानचा मिंग दरबारातला शेवटचा नजराणा १४१५ चा असल्याने १४१६ अधिक पटते.

शिशोच्या मृत्यूनंतर १४२२ मध्ये हाशी राजा झाला. नान्झान १४२९ मध्ये पडले. तिथला राजा तारुमी याने हाशीकडच्या सोनेरी पडद्याच्या मोहात पडून कादेशी झऱ्याचा हक्क देऊन टाकला, शेतकऱ्यांचे पाणी तुटले आणि त्यांनी राजाची साथ सोडली, अशी कथा आहे. इतोमानच्या ओझातो भागात हा झरा अजून वाहतो. झऱ्यांवर भिजणाऱ्या भातखाचरांच्या मुलखात पाणी गमावणे म्हणजे प्रजा गमावणेच.

एकीकरणाची कच्ची बाजू अशी, की अंजींकडे त्यांच्या गढ्या आणि शस्त्रे तशीच राहिली. उत्तरेवर नजर ठेवायला नाकिजिनमध्ये राजपुत्र नेमला, तरी १४५३ मध्ये वारसाहक्काच्या लढाईत राजधानी शुरीचा राजवाडा जळाला आणि १४६९ च्या सुमारास हाशीच्या घराण्याची सत्ता गेली. सरदारांना शुरीत आणून बसवले ते पुढच्या घराण्यातल्या शो शिन (कारकीर्द १४७७–१५२६) याने.

तिन्ही राज्ये एक झाली, तरी मिंग दप्तरातली ‘चुझानचा राजा’ ही पदवी बदलली नाही, कारण नजराण्याचा हक्क त्याच नावावर होता. १८६६ मध्ये शेवटचा राजा शो ताइ याला चीनची मान्यता मिळाली, तीही ‘रयुक्यू देशाच्या चुझानचा राजा’ याच नावाने.