राग आलाय की बसवत नाहीये?

भावाने वाटी भिंतीवर आपटली तेव्हा घरात सगळ्यांनी एकच निदान केलं: त्याचा स्किझोफ्रेनिया पुन्हा उसळला. त्यावरच्या हॅलोपेरिडॉल या गोळीचा डोस वाढवून आठच दिवस झाले होते. आम्ही तो आणखी वाढवून मागितला, मिळालाही. मग भाऊ रात्रभर स्वयंपाकघर ते गॅलरी येरझाऱ्या घालू लागला. हा स्किझोफ्रेनिया नव्हता, गोळीचा त्रास होता: अकाथिसिया.

आजाराच्या उद्रेकामागे बहुतेक वेळा एक गोष्ट असते. शेजारी जेवणात विष घालतोय, कानातला आवाज शिव्या देतोय. राग कुणावर तरी असतो, आणि पेशंटच्या लेखी तो स्वतःचा बचावच असतो. अकाथिसियात अशी गोष्ट नसते. बसला की पाय हलतात, उभा राहिला की भार या पायावरून त्या पायावर, चाललं की घटकाभर बरं. अशा माणसाला ‘जरा शांत बस’ म्हटलं की तो भडकतो, कारण नेमकं तेच त्याला जमत नसतं. ग्रीकवरून केलेल्या या शब्दाचा अर्थच ‘बसता न येणं’. प्रागच्या लाडिस्लाव हाश्कोवेट्स यांनी तो १९०१ मध्ये वापरला, या गोळ्या येण्याच्या अर्धशतक आधी.

म्हणून आधी तारखा बघा. औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत, आठवड्यांत हे सुरू झालं का? उद्रेकात डोस वाढवणं बरोबर ठरू शकतं. अकाथिसियात ते आगीत तेल. तिथे डॉक्टर डोस उतरवतात, गोळी बदलतात किंवा ही तगमग कमी करायला प्रोप्रॅनोलॉल हे औषध देतात. कधी दोन्ही एकत्रही असतात, तेव्हा घरच्या घरी गोळी बंद करू नका. पण ही तगमग सहन न होऊन जीव द्यायचे विचार येऊ शकतात, त्यामुळे डॉक्टरांना फोन त्याच दिवशी करा.

नातेवाईक मात्र म्हणतात, ‘अंगातली गरमी आहे, लग्न लावून द्या.’ टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन आणि या आजारातली आक्रमकता यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांतून एकसारखं उत्तर आलेलं नाही, आणि लग्न हा त्यावरचा इलाज तर नाहीच. काही बायकांची लक्षणं पाळीच्या आधी, इस्ट्रोजेन हे बायकांमधलं हार्मोन उतरतं तेव्हा वाढतात. तेवढी नोंद जरूर ठेवा.

शेवटी मी भावालाच विचारलं, “कुणाचा राग आलाय, की बसवत नाहीये?”

“राग कसला रे,” तो म्हणाला, “पायांत वारूळ फुटलंय.”