युनियन वेगळी, मंडळ वेगळं: टास्मानियातल्या बिनपगारी अँब्युलन्स अधिकाऱ्यांची बाजू कोण मांडतं?

मराठीत ‘संघटना’ हा शब्द फार ऐसपैस आहे. एसटी कामगारांची ती संघटना आणि ज्येष्ठ नागरिकांचीही संघटनाच. म्हणून ‘टास्मानियातल्या स्वयंसेवक अँब्युलन्स अधिकाऱ्यांची संघटना’ असं ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे गेटवरच्या घोषणा, पगारवाढीची मागणी आणि संप उभा राहतो. पण या माणसांना पगारच नसतो. मग वाढ कसली मागणार आणि संप कशाचा करणार?

टास्मानिया हे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं बेट-राज्य. पुणे, नाशिक, अहिल्यानगर आणि सोलापूर हे चारही जिल्हे एकत्र केले तरी ते त्याहून थोडं मोठंच भरेल, आणि लोकसंख्या मात्र जेमतेम पावणेसहा लाख, म्हणजे साधारण एकट्या कोल्हापूर शहराएवढी. अँब्युलन्स सेवा सरकारी आहे, तिचं नाव अँब्युलन्स टास्मानिया. होबार्ट, लॉन्सेस्टनसारख्या शहरांत पगारी पॅरामेडिक, म्हणजे अँब्युलन्समध्ये तातडीचे उपचार करणारे व्यावसायिक, असतात. पण पश्चिम किनाऱ्यावरचं स्ट्रॅन किंवा फेरीबोटीनेच गाठता येणारं ब्रूनी बेट अशा ठिकाणी स्वयंसेवकांवाचून सेवा चालत नाही. काही अँब्युलन्स स्टेशनांवर एका पॅरामेडिकच्या जोडीला एक स्वयंसेवक असतो, तर काही ठिकाणी गाडीत दोघंही स्वयंसेवकच. दिवसा दुकान, शेत किंवा शाळा सांभाळणारी ही माणसं. प्रशिक्षण आणि गणवेश सेवेकडूनच मिळतो. पण त्यांना स्वतःला पॅरामेडिक म्हणवता येत नाही. डिसेंबर २०१८पासून ऑस्ट्रेलियात हे पदनाम नोंदणी झालेल्यांसाठीच कायद्याने राखीव आहे.

पॅरामेडिकची बाजू मांडते ती युनियन. टास्मानियात ‘हेल्थ अँड कम्युनिटी सर्व्हिसेस युनियन’ हे काम करते. पगार, पाळ्या, रात्रपाळीचा भत्ता, सक्तीचा ओव्हरटाइम हे तिचे विषय. वाटाघाटी अडल्या तर राज्याचा औद्योगिक आयोग आहे. तिचं सगळं बळ एका कागदातून येतं: मालक आणि नोकर यांच्यातल्या करारातून.

स्वयंसेवकांकडे तो कागदच नाही. त्यांच्यासाठी आहे ‘व्हॉलंटिअर अँब्युलन्स ऑफिसर्स असोसिएशन ऑफ टास्मानिया’. गोंधळ टाळण्यासाठी इथे तिला ‘मंडळ’ म्हणतो. आपल्याकडेही हा फरक कायद्यात जुना आहे: कामगार युनियनची नोंदणी पिढ्यानपिढ्या १९२६च्या कायद्याखाली होत आली, संस्था-मंडळांची १८६०च्या. फक्त बोलताना आपण दोन्हींना संघटना म्हणतो.

मंडळाचे प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतात, पण सेवा टिकते ती त्यांच्यावर. प्रशिक्षणाचा वर्ग आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी, दूरच्या शहरात ठेवला, तर बेकरी चालवणाऱ्या बाईंनी यायचं कसं? गावातल्याच ओळखीच्या मुलाचा अपघात हाताळून आल्यावर रात्री बोलायला माणूस आहे का? कॉलवर असताना पाठ लचकली तर भरपाई मिळेल का? आणि नवा नियम लावताना लांबच्या स्टेशनांना कुणी विचारलं का? अशा गोष्टी सेवेच्या वरिष्ठांपुढे आणि सरकारपुढे एका आवाजात मांडायच्या, हे मंडळाचं काम.

मला यातला खरा फरक नाराजीच्या वाटेत दिसतो. पगारी माणूस नाराज झाला की आवाज होतो: तक्रार, बैठक, कामबंदी. स्वयंसेवक नाराज झाला की आवाज होत नाही. तो रोस्टरवर एक रात्र कमी लावतो, मग दोन, आणि एक दिवस गणवेश धुऊन, घडी घालून परत देतो. स्टेशनवर तो कुणी पाहिलाच तर ‘वेळ मिळत नसेल’ म्हणून विषय संपतो. युनियनला लोकांचा राग संघटित करावा लागतो, मंडळाला त्यांचं गप्प बसणं वेळेत ओळखावं लागतं. हे दुसरं काम मला जास्त अवघड वाटतं.

दोघांचे हितसंबंध कधी आपटतातही. त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अँब्युलन्सचं नाही, अग्निशमनाचं आहे. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात २०१६मध्ये कंट्री फायर अथॉरिटीतल्या पगारी जवानांच्या करारावरून युनियन आणि स्वयंसेवकांचं मंडळ समोरासमोर आले. करारातल्या काही कलमांनी आपलं स्थान दुय्यम होईल, असं स्वयंसेवकांचं म्हणणं होतं. खात्याच्या मंत्र्यांनी राजीनामा दिला, संस्थेचं संचालक मंडळ बरखास्त झालं, आणि त्याच वर्षी केंद्राने ‘फेअर वर्क’ या कामगार कायद्यात बदल करून अशा करारांबद्दल स्वयंसेवकांच्या मंडळांना केंद्राच्या फेअर वर्क आयोगापुढे आपलं म्हणणं मांडायची वाट दिली. करार दुसऱ्यांचा असला तरी त्याचा परिणाम आपल्यावर होतो, हे मान्य व्हायला एवढं सगळं घडावं लागलं.

अँब्युलन्समध्ये हा ताण गाडीतल्या दुसऱ्या खुर्चीपाशी येऊन थांबतो. तिथे दुसरा पॅरामेडिक हवा, असं युनियनने म्हटलं तर ते रुग्णाच्या हिताचंच आहे. आम्हाला बाजूला सारू नका, पण पगार वाचवायला वापरूही नका, हे स्वयंसेवकाचं म्हणणंही तितकंच खरं. म्हणूनच दोघांना एकाच बैठकीत बोलावून ‘कर्मचाऱ्यांशी चर्चा झाली’ अशी नोंद करणं मला अन्यायाचं वाटतं. लांबच्या, एकट्या स्टेशनांचा थकवा मात्र दोघांचाही प्रश्न आहे. तिथे दोघांनी मिळून बोलावं.

आपल्या १०८ सेवेतले डॉक्टर आणि चालक पगारी आहेत. त्यामुळे त्यांची संघटना म्हटलं की ती युनियनच, मंडळ नव्हे. टास्मानियातल्या एखाद्या लहान गावात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला मात्र एक जास्तीचा फरक लक्षात ठेवावा लागेल. स्वयंसेवक व्हायचं तर अर्ज मंडळाकडे नाही, अँब्युलन्स टास्मानियाकडे करायचा. मंडळाशी गाठ पडते ती त्यानंतर.