नोंदवही पुढच्या हाती: इकॉलॉजिस्टांच्या सहकार्यामागचा इतिहास

इकॉलॉजीतला, म्हणजे सजीवांचं एकमेकांशी आणि परिसराशी असलेलं नातं अभ्यासणाऱ्या शास्त्रातला, आजचा एखादा मोठा शोधनिबंध उघडला, की लेखकांची नावं वाचता वाचता अर्धं पान संपतं. पूर्वी याच विषयातले बहुतेक निबंध एकाच्या, फार तर दोघांच्या नावावर असत. मधल्या काळात काय घडलं, हे समजून घ्यायचं तर आधी एक साधा हिशेब मांडायला हवा. जंगलातलं झाड दोनशे-तीनशे वर्षं जगतं. ते मोजणाऱ्या प्राध्यापकाची नोकरी तीस-पस्तीस वर्षांची, विद्यार्थ्याची पीएचडी पाच वर्षांची आणि दोघांना पोसणारं अनुदान बहुधा तीन वर्षांचं. ही घड्याळं एकमेकांशी कधीच जुळली नाहीत. त्यामुळे या शास्त्रात काम वाटून घ्यावंच लागलं, आपली नोंदवही दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागली. श्रेयाचं मोजमाप मात्र एकेका नावानिशीच होत राहिलं. इकॉलॉजिस्टांच्या व्यावसायिक आयुष्यातले बरेचसे ताण इथूनच सुरू होतात, असं मला वाटतं.

या शास्त्राला नाव मिळालं ते १८६६ साली, जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांच्याकडून. पण त्यावर पोट भरणारी माणसं निर्माण व्हायला आणखी चाळीसेक वर्षं लागली. ब्रिटनमध्ये १९०४ साली आर्थर टॅन्सली आणि मोजक्या सहकाऱ्यांनी देशातल्या वनस्पतींची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमली. कारण व्यवहारी होतं. अख्ख्या देशाचे वनस्पती-नकाशे एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नव्हते, आणि प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने काढलेले नकाशे एकमेकांशेजारी ठेवता येत नव्हते. १९११ च्या ऑगस्टमध्ये टॅन्सली यांनी युरोप आणि अमेरिकेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना बोलावून ब्रिटिश बेटांवर चार आठवड्यांची अभ्याससहल काढली. दलदली, वाळूच्या टेकड्या, डोंगरउतार सगळ्यांनी मिळून पालथे घातले. त्या सहलीत अमेरिकेहून शिकागोचे हेन्री काउल्स होते, फ्रेडरिक आणि ईडिथ क्लेमेंट्स हे दांपत्य होतं. दोनच वर्षांनी, १२ एप्रिल १९१३ रोजी, लंडनमध्ये ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली. इकॉलॉजिस्टांची ही जगातली पहिली संघटना. १९१५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत तिची धाकटी बहीण उभी राहिली आणि व्हिक्टर शेलफर्ड तिचे पहिले अध्यक्ष झाले. संघटनेच्या आधी माणसं एकत्र चालली होती, एकाच रोपापाशी थांबून वाद घालत होती, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पुढे १९३५ मध्ये टॅन्सली यांनी ‘इकोसिस्टिम’ (परिसंस्था, म्हणजे सजीव आणि त्यांचा निर्जीव परिसर मिळून होणारी व्यवस्था) हा शब्द रूढ केला, तोही क्लेमेंट्स यांच्या ‘वनस्पतिसमुदाय म्हणजे जणू एक सजीव’ या कल्पनेला कडाडून विरोध करताना. मैत्री मात्र टिकली.

ईडिथ क्लेमेंट्स यांच्यापाशी थोडं थांबायला हवं. त्यांनी १९०४ साली नेब्रास्का विद्यापीठातून पीएचडी मिळवली होती. नंतरची कित्येक वर्षं पतीच्या संशोधन-दौऱ्यांत गाडी चालवणं, फोटो काढणं, फुलांची अचूक चित्रं रंगवणं आणि लेखन टंकलिखित करणं हे सगळं त्यांनी केलं. इतिहासात ‘क्लेमेंट्स यांचा सिद्धान्त’ म्हटलं की डोळ्यांपुढे एकच माणूस येतो. अमेरिकेच्या संघटनेला पहिली महिला अध्यक्ष, ई. लुसी ब्राउन, मिळाल्या त्या १९५० साली.

चार्ल्स एल्टन यांनी सहकार्याचा परीघ विद्यापीठाबाहेर नेला. हडसन्स बे कंपनीच्या फरच्या जुन्या हिशेबवह्यांतून त्यांनी कॅनडातल्या लिंक्स या रानमांजराच्या संख्येचे चढउतार शोधले आणि १९३२ मध्ये ऑक्सफर्डला प्राण्यांच्या संख्येचा अभ्यास करणारं केंद्र उभारलं. फासे लावणाऱ्या शिकाऱ्यांचे आणि कारकुनांचे आकडे तिथे शास्त्राचा कच्चा माल झाले. एल्टन १९६७ मध्ये निवृत्त झाले आणि केंद्रही बंद पडलं. एका माणसाभोवती उभी राहिलेली संस्था त्याच्याबरोबर संपते, हा धडा या विषयाला फार लवकर मिळाला होता.

आता रेमंड लिंडेमन यांची गोष्ट. मिनेसोटातल्या सीडर बॉग नावाच्या छोट्या तळ्यावर त्यांनी विद्यार्थी म्हणून पाच वर्षं काढली. पत्नी एलेनॉर नमुने घेण्याच्या कामात सोबत असत. तळ्यातले प्राणी-वनस्पती मोजण्यापाशी न थांबता लिंडेमन यांनी विचारलं, की सूर्याकडून आलेली ऊर्जा शेवाळातून कीटकांत आणि कीटकांतून माशांत जाताना किती उरते? १९४१ मध्ये पीएचडी संपवून ते येल विद्यापीठात जी. एव्हलिन हचिन्सन यांच्याकडे गेले आणि तिथे हा विचार निबंधाच्या रूपात पक्का झाला. ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाने तो चान्सी जुडे आणि पॉल वेल्च या सरोवरशास्त्रातल्या दोन ज्येष्ठांकडे पाठवला. दोघांनीही तो नाकारला. एवढ्याशा माहितीवर एवढा सिद्धान्त उभा करणं घाईचं आहे, असं त्यांचं म्हणणं. हचिन्सन यांनी संपादक थॉमस पार्क यांना सविस्तर पत्र लिहून निबंधाची बाजू मांडली. पार्क यांनी समीक्षकांचा कौल बाजूला ठेवून दुरुस्त मसुदा स्वीकारला. जून १९४२ मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, लिंडेमन यांचं आजाराने निधन झालं. निबंध ऑक्टोबरच्या अंकात छापून आला आणि परिसंस्थेतल्या ऊर्जेच्या अभ्यासाचा पाया ठरला. हचिन्सन यांचा विचारांतला वाटा मोठा होता, तरीही निबंधावर लेखक म्हणून एकट्या लिंडेमन यांचं नाव राहिलं. हचिन्सन यांनी शेवटी फक्त एक छोटी पुरवणी जोडली. गाइडने विद्यार्थ्याच्या कामावर किती हक्क सांगावा, हा प्रश्न आजही रोज कुठे ना कुठे भांडणाचं कारण ठरतो. १९४२ चं हे उदाहरण म्हणूनच मला पुन्हा पुन्हा आठवतं.

याच सुमारास ‘आपण अभ्यासक की रक्षक’ हा वादही पेटला होता. अमेरिकन संघटनेने थेट निसर्गरक्षणाच्या चळवळीतून अंग काढून घेतलं, तेव्हा शेलफर्ड आणि त्यांच्या साथीदारांनी १९४६ मध्ये वेगळी चूल मांडली. त्यातूनच १९५१ मध्ये ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ ही संस्था जन्मली.

मोठ्या पैशाचा काळ आला १९६४ मध्ये, आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र कार्यक्रमाबरोबर. तो १९७४ पर्यंत चालला. गवताळ प्रदेश, वाळवंट, टुंड्रा अशा अख्ख्या भूप्रदेशांची गणिती प्रारूपं संगणकावर बनवायची, अशी त्याची अमेरिकेतली महत्त्वाकांक्षा होती. त्या प्रारूपांकडून जी अपेक्षा होती ती पुरी झाली नाही. पण मातीचा अभ्यासक, गणिती आणि प्राणिशास्त्रज्ञ एकाच टेबलाशी बसायला शिकले, हे काही थोडं नव्हतं.

माझ्या मते त्या काळातलं खरं टिकाऊ काम लहान चमूने केलं. न्यू हॅम्पशरमधल्या हबर्ड ब्रुक जंगलात १९६३ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बर्ट बोर्मन, जलशास्त्रज्ञ जीन लाइकन्स, भूगर्भशास्त्रज्ञ नॉय जॉन्सन आणि वनखात्याचे रॉबर्ट पियर्स या चौघांनी एक सोपी युक्ती वापरली. तिथल्या खडकातून पाणी खाली झिरपत नाही. म्हणजे छोट्या खोऱ्यात पडणारा पाऊस आणि ओढ्यातून बाहेर पडणारं पाणी दोन्ही मोजलं, की खोऱ्याच्या जमाखर्चाची वही तयार होते. ओढ्याच्या तोंडाशी इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेला छोटा बंधारा, बाजूला पाण्याची उंची टिपणारं यंत्र आणि ठरल्या दिवशी बाटली भरून नेणारा माणूस, एवढाच सरंजाम. १९६५-६६ च्या हिवाळ्यात त्यांनी एका खोऱ्यातली सगळी झाडं पाडली आणि पुढे काही वर्षं तणनाशक मारून तिथे काही उगवू दिलं नाही. ओढ्यातल्या नायट्रेटचं प्रमाण प्रचंड वाढलं. त्याच बाटल्यांतून पावसाची आम्लताही समोर आली. अॅसिड रेनचा प्रश्न उत्तर अमेरिकेत ऐरणीवर आला आणि १९९० मध्ये अमेरिकेचा हवा-प्रदूषणाचा कायदा कडक झाला, त्यामागे या नोंदींचा मोठा वाटा आहे. त्या नोंदी आजही चालू आहेत. सुरू करणाऱ्यांची पिढी गेली, तरी बाटली भरायला कुणीतरी जातंच.

असंच दुसरं काम पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावरचं. १९८० मध्ये स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी तिथे पन्नास हेक्टरचा प्लॉट आखला. नियम असा, की एक सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असलेलं प्रत्येक खोड मोजायचं. अशी खोडं दोन लाखांहून अधिक आणि जाती सुमारे तीनशे. प्रत्येक झाडाला क्रमांकाचा बिल्ला. टेप लावायची जमिनीपासून १.३ मीटरवर, आणि तिथे आधारमुळांचे पंखे (बुंध्याला टेकू देणारी, भिंतीसारखी पसरलेली मुळं) आले असतील तर शिडी लावून त्यांच्या वर. पाच वर्षांनी येणारा माणूस वेगळा असणार, म्हणून मागच्याने नेमकी कुठे मोजणी केली हे लिहून ठेवणं हा कामाचा गाभा. टेप चार बोटं वर सरकली तर कागदावर झाड चक्क बारीक झालेलं दिसतं. हीच पद्धत पुढे मलेशियातल्या पासोहपासून अनेक देशांत गेली आणि उष्ण कटिबंधातल्या जंगलांची तुलना पहिल्यांदा एकाच मापाने करता आली. अमेरिकेत १९८० मध्येच दीर्घकालीन संशोधन-केंद्रांचं सरकारी जाळं सुरू झालं, १९९३ मध्ये ते आंतरराष्ट्रीय झालं.

१९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे उघडलेल्या केंद्राने मात्र ‘नवीन काही मोजू नका’ असंच सांगितलं. दहा-पंधरा जणांनी एकत्र बसायचं, आधीच गोळा झालेला डेटा एकत्र करायचा आणि मोठे प्रश्न सोडवायचे. रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये जगातल्या परिसंस्थांच्या सेवांची किंमत वर्षाला सरासरी ३३ ट्रिलियन डॉलर मांडली, तो बहुचर्चित अंदाज इथल्याच बैठकीतून आला. त्या आकड्यावर वाद झाले, अजूनही होतात. पण चिखलात न उतरताही इकॉलॉजी करता येते, हे या केंद्राने रुजवलं. क्षेत्रकाम करणाऱ्या पुष्कळांना ते तेव्हाही खटकलं होतं.

वाद कसा निस्तरावा, याचाही एक नमुना याच काळातला. जैवविविधता वाढली की परिसंस्था अधिक चांगली चालते का, यावर शतकाच्या अखेरीस दोन तट पडले होते. प्रयोगांची मांडणीच चुकीची आहे, इथपर्यंत आरोप गेले. अमेरिकन संघटनेने यावर काढलेली पुस्तिका एकतर्फी असल्याची टीका २००० मध्ये संघटनेच्याच पत्रिकेत छापून आली. त्या डिसेंबरमध्ये पॅरिसला दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या. २००५ मध्ये निघालेल्या सहमतीच्या निबंधावर पूर्वी एकमेकांवर तुटून पडणाऱ्यांची नावं शेजारी शेजारी होती. नेमकं कशावर एकमत आहे आणि कशावर नाही, हे त्यांनी वेगवेगळं लिहून काढलं. अशी मेहनत फार थोड्या शास्त्रांत घेतली गेली आहे.

त्यानंतरचा टप्पा म्हणजे ‘न्यूट्रिएंट नेटवर्क’. एलिझाबेथ बोरर आणि एरिक सीब्लूम यांच्या पुढाकाराने उभं राहिलेल्या या जाळ्यात केंद्रीय तिजोरी जवळपास नाहीच. ज्याला यायचं त्याने आपल्या गवताळ भागात ५ बाय ५ मीटरचे प्लॉट आखायचे, ठरलेल्या प्रमाणात नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियम टाकायचं, काही प्लॉटना कुंपण घालायचं, आणि सगळ्यांनी एकाच पद्धतीने गवत कापून वजन करायचं. २०११ मध्ये पाच खंडांतल्या ४८ ठिकाणांच्या नोंदींवरून त्यांनी दाखवलं, की उत्पादकता (गवत किती वाढतं) आणि जातींची संख्या यांचं पाठ्यपुस्तकांत शिकवलं जाणारं नातं प्रत्यक्षात फार ढिलं आहे. कुणी काय केलं याचा तक्ता निबंधाबरोबर भरायचा, हा नियम त्यांनी सुरुवातीपासून पाळला.

डेटा खुला करण्याचा आग्रह २०११ च्या आसपास नियतकालिकांनी धरला. त्याला सर्वांत तीव्र आक्षेप घेतला तो तीस-चाळीस वर्षं एकाच पक्ष्याच्या किंवा हरणाच्या कळपामागे घालवणाऱ्यांनी. त्यांचं दुःख मला समजतं. कडाक्याच्या थंडीत गोळा केलेली माहिती, तो प्राणी कधीही न पाहिलेला कुणीतरी दोन क्लिकमध्ये घेणार. पण २०२० च्या सुरुवातीला कोळ्यांच्या वर्तनावरच्या काही गाजलेल्या निबंधांत एकसारखे आकडे पुन्हा पुन्हा आढळले, तेव्हा खुल्या डेटाची बाजू बळकट झाली. ही गोष्ट सहलेखकांनीच तपासली आणि आपलेच निबंध मागे घ्यायला लावले. त्यातल्या काहींची उमेदवारीची वर्षं त्या निबंधांवर उभी होती.

क्षेत्रकामातल्या वागणुकीवर उघड बोलणं तर फारच उशिरा सुरू झालं. २०१४ मध्ये मुख्यतः मानववंशशास्त्रातल्या, पण इतर क्षेत्रीय शास्त्रांतल्याही ६६६ जणांच्या पाहणीत ६४ टक्क्यांनी लैंगिक छळ अनुभवल्याचं सांगितलं. गावापासून दूर, गाडीची किल्ली आणि शिफारसपत्र एकाच माणसाच्या हाती, अशा तळावर तक्रार करायची कुणाकडे? त्यानंतर क्षेत्रकामाला निघण्याआधी लेखी आचारसंहिता करण्याचा प्रघात वाढू लागला.

श्रीमंत देशातून यायचं, नमुने न्यायचे आणि स्थानिक संशोधकांना आभाराच्या ओळीत बसवायचं, या प्रकाराला आता ‘पॅराशूट सायन्स’ असं थेट नाव पडलं आहे. १९९२ चा जैवविविधता करार आणि २०१० चा नागोया प्रोटोकॉल यांनी नमुन्यांवर देशांचा हक्क मान्य केला. निबंधावर लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क मात्र कुठल्या करारात बसत नाही. तो अजून एकेका चमूत, एकेका मसुद्यावर ठरतो. नियतकालिकं आता १४ भूमिकांची यादी देतात: कल्पना कुणाची, विश्लेषण कुणाचं, निधी कुणी आणला. पण दर पाच वर्षांनी शिडीवर चढून आधारमुळांच्या वर टेप धरणारा, पानावरून झाडाची जात ओळखणारा माणूस बहुतेक निबंधांत अजूनही आभाराच्या परिच्छेदातच सापडतो.