एक करडा कागद आणि अंतराचं गणित

भाचीला नाटकाच्या ऑडिशनसाठी फोटो हवे होते. ते घरी आले तेव्हा आईने चारही हातात घेऊन विचारलं, "चार वेगवेगळ्या स्टुडिओत गेला होतात का गं?" एका फोटोत मागे मिट्ट काळोख, दुसऱ्यात मऊ राखाडी, तिसऱ्यात शुभ्र पांढरं, चौथ्यात गडद निळं. मी सोबत होते म्हणून सांगू शकले: ठाण्याच्या नौपाड्यातली पहिल्या मजल्यावरची दहा बाय सोळाची एक खोली, आणि मागे लोखंडी दांड्यावरून सोडलेला करड्या कागदाचा एकच रोल.

फोटोग्राफरने भाचीला कागदापासून चार फूट पुढे स्टुलावर बसवलं आणि जवळजवळ तासभर तिथून हलवलंच नाही. हलत होता तो लाइट.

यामागचं विज्ञान रात्री तलावपाळीवर दिसतं. कणीसवाल्याच्या बल्बखाली हातातल्या कणसाचा दाणा न् दाणा मोजता येतो, पण चार पावलांवर उभ्या गिऱ्हाइकाचा चेहरा धूसर असतो. प्रकाश पसरत जातो. अंतर दुप्पट झालं की तोच उजेड चौपट क्षेत्रावर वाटला जातो, तिप्पट झालं की नऊपट. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ साली हा नियम मांडला. आज शाळेत आपण त्याला व्यस्त वर्गाचा नियम म्हणतो.

आता तो त्या खोलीत लावून बघा. लाइट चेहऱ्यापासून आठ फुटांवर असेल, तर कागद लाइटपासून बारा फुटांवर. चेहऱ्याला मिळतो त्याच्या जवळजवळ ४४ टक्के उजेड कागदाला मिळतो, आणि तो राखाडी दिसतो. लाइट चार फुटांवर आणला की कागद आठ फुटांवर, म्हणजे एक चतुर्थांश उजेड. दोन फुटांवर आणला की कागद सहा फुटांवर, म्हणजे फक्त एक नवमांश. लाइट जवळ आल्यामुळे चेहरा प्रखर होतो, म्हणून फोटोग्राफर फ्लॅशची ताकद कमी करतो. चेहरा पुन्हा पहिल्याइतकाच उजळ होतो, कागद मात्र खाली बुडतो. मध्यम करडा कागद अंगावर पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत पाठवतो. त्याचा नववा भाग म्हणजे २ टक्के. कॅमेऱ्याच्या लेखी तो काळाच.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही, की किती फूट याला महत्त्व नाही, महत्त्व आहे गुणोत्तराला. मोठ्या स्टुडिओत मागची भिंत लांब ठेवता येते. ठाण्यातल्या गाळ्यात ती नेता येत नाही, पण लाइट जवळ आणता येतो आणि काम तेच होतं. (नियम काटेकोरपणे लागू पडतो तो बिंदूएवढ्या दिव्याला. मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यापुढे पांढरं कापड ताणलेली पेटी, अगदी जवळ आणला तर उजेड याहून जरा हळू ओसरतो.)

"ताई, रोल करडाच ठेवायचा," फोटोग्राफर म्हणाला. "पांढऱ्याचा काळा करायला घाम फुटतो, आणि काळ्याचा पांढरा होतच नाही." आकडे त्याच्या बाजूने आहेत. पांढरा कागद सुमारे ९० टक्के उजेड परत पाठवतो. करड्याला तिथवर न्यायचं तर चेहऱ्याच्या पाचपट उजेड फक्त कागदावर टाकायचा. त्यासाठी मागे एक वेगळा फ्लॅश पुरला. काळ्या कागदाला वीसपटीहून जास्त लागला असता.

निळ्या फोटोसाठी त्याने आधी कागद काळा करून घेतला, याचं मला नवल वाटलं. कारण साधं होतं. मागच्या फ्लॅशला निळा जिलेटीन कागद लावला तरी समोरच्या लाइटचा पांढरा उजेड कागदावर सांडत राहिला, तर निळा फिकट, धुतल्यासारखा होतो. पांढरा उजेड आधी हटवला की रंगाला जागा मिळते. छतावरून परतणारा उजेडही नको, म्हणून त्या खोलीचं छत काळं रंगवलेलं होतं.

उरलेलं काम आपली नजर करते. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाई सांभाळणाऱ्या शेव्हरलने १८३९ साली सविस्तर मांडलं होतं, की शेजारचा रंग बदलला की तोच धागा वेगळा दिसतो. काळ्या पार्श्वभूमीवरचा भाचीचा चेहरा आईला जास्त उजळ वाटला. मोजला असता तर चारही फोटोंत तो जवळपास सारखाच निघाला असता.

आईचा विश्वास बसेना, म्हणून रात्री हॉलमध्ये करून पाहिलं. भिंत फिक्या राखाडी रंगाची, तिच्यावर कालनिर्णय लटकलेलं. भाची भिंतीपासून चार फूट पुढे, टेबललॅम्प आधी लांब, मग तिच्या गालापासून फूटभर. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक केलं, नाहीतर तो स्वतःहून भिंत उजळवत बसतो. भिंत काळवंडली, पण पांढऱ्या छतावरून परतणाऱ्या उजेडात तारखांचे चौकोन अजून पुसट दिसत होते. तेव्हा आईने पावसाळ्यातली काळी छत्री उघडून लॅम्पच्या वर आडवी धरली, आणि पुढच्या फोटोत कालनिर्णय नव्हतं.