हात लागलेलं पिल्लू पक्षीण टाकते का?

‘माणसाचा हात लागला की वासाने पक्षीण पिल्लू टाकून देते’ हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हेतू चांगलाच, पण कारण चुकीचं. बहुतेक पक्षी पिल्लाला वासावरून नाकारत नाहीत. छोटे पक्षी साधारण 12 ते 14 दिवस अंडी उबवतात. एवढी मेहनत ते सहज सोडत नाहीत. घरटं सोडलं जातं ते वारंवारच्या त्रासामुळे, विशेषतः अंडी घालण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत.

पडताळायचंय? बिनपिसांचं पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर अलगद घरट्यात ठेवा आणि लांबून, शक्यतो दुर्बिणीतून, तास-दोन तास पाहा. आई-बाप बहुधा चारा घेऊन येतातच. पिसं फुटलेलं, उड्या मारणारं पिल्लू मात्र उचलू नका. ते उडायला शिकतंय.