मधली भिंत उघडणे

छपराचा किंवा माळ्याचा भार पेलणारी घरातली भिंत फोडून तिथे रुंद वाट किंवा सलग दिवाणखाना करण्याचे काम. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या जुन्या घरांत सोपा (पुढची ओसरी) आणि माजघर यांच्यामधल्या भिंतीवर बहुधा ही वेळ येते. माजघर अंधारे असते, लग्नकार्याला जागा पुरत नाही आणि घर पाडावे इतके ते मोडकळीला आलेले नसते.

जिल्हा एक असला तरी घरे दोन जातींची आहेत. जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळी पट्ट्यात जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती आणि उतरते कौलारू छप्पर. ईशान्येला अथणीकडच्या कोरड्या मुलखात दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, म्हणजे सपाट धाबे. मंगळुरी कौले खालच्या लाकडी रिपांसह चौरस मीटरला सुमारे ६५ किलो भरतात. २५ सेंटिमीटर जाडीच्या माळवदाची नुसती माती ४०० किलोंच्या आसपास जाते. खानापुरातला अंदाज अथणीत चालत नाही.

वासे, तुळया आणि आढे नेमके कुठे टेकले आहेत, हे माळ्यावर चढूनच पाहावे. खालून गिलाव्याकडे बघून काही कळत नाही. लोक छपराची काळजी करतात, पण खरे वजन पुष्कळदा भिंतीचेच असते. दीड फुटी जांभ्याची भिंत उघड्या जागेच्या वर दोन मीटर उरली, तर तिचे वजन मीटरला दीड टनाच्या पुढे जाते. चुन्यात, सांधेमोड साधून (उभे सांधे एकावर एक न आणता) बांधलेल्या भिंतीत वरचा त्रिकोणी भाग तेवढा उघड्या जागेवर आडव्या घातलेल्या गर्डरवर, म्हणजे तुळईवर येतो आणि बाकीचा भार कमानीसारखा दोन्ही बाजूंना उतरतो. मातीत बांधलेल्या भिंतीत या कमानीवर भरवसा ठेवू नये, सगळे वजन हिशेबात धरावे.

या भिंतीचे दुसरे काम सहज विसरले जाते. ती बाहेरच्या लांब भिंतींना धरून ठेवते. ती टोकापासून टोकापर्यंत काढली, की वाशांच्या रेट्याने बाहेरच्या भिंती फुगू लागतात. म्हणून दोन्ही टोकांना दोन-अडीच फूट भिंत राखावी, दिवाणखाना तेवढा लहान झाला तरी चालेल. शिवाय आधी सलग पायावर पसरलेला भार आता दोन जागी एकवटतो. काळ्या जमिनीवरच्या घरात त्या दोन जागांचा पाया उकरून पाहिल्याशिवाय कामाला हात घालू नये.

काम दिवाळीनंतर सुरू करून मृगाच्या आधी संपवतात. जांभा भिजला की त्याची ताकद घटते, मातीची तर फारच. ऑगस्ट २०१९ च्या पुरात जिल्ह्यातली मातीच्या भिंतींची कितीतरी घरे बसली.

आधी माळ्यावरची पोती, लाकडे उतरवतात. मग भिंतीच्या दोन्ही अंगांना तुळयांखाली टेकू देतात. टेकूखाली जाड फळी हवी, नाहीतर तो सारवलेल्या जमिनीत रुततो. पाचर ठोकल्यावर टेकू हाताने हलवून पाहावा. हलला तर तो भार घेत नाही. जाड भिंतीत एका अंगाने निम्म्या जाडीची खाच पाडून पहिला गर्डर बसवतात, वरची फट कोरडसर सिमेंट-वाळूने ठासून भरतात, तो माल घट्ट झाला की दुसऱ्या अंगाने दुसरा गर्डर. दोन्ही टोके काँक्रीटच्या ठोकळ्यावर किमान १५ ते २० सेंटिमीटर टेकलेली असावीत; थेट चिऱ्यावर ठेवलेले टोक चिरा भरडते. खालची भिंत त्यानंतरच, वरून खाली, हाताने काढतात. ब्रेकरचे हादरे मातीच्या सांध्यांना सोसत नाहीत. गर्डरचे माप गवंड्याच्या अनुभवावर न सोडता स्थापत्य अभियंत्याकडून काढून घ्यावे.

टेकू मधल्यापासून कडेकडे, थोडे थोडे सैल करत काढतात. वरच्या भिंतीला तडा दिसला तर त्यावर गिलाव्याची बारीक पट्टी ओढून तारीख लिहितात आणि एक पूर्ण पावसाळा ती फुटते का ते पाहतात. पट्टी फुटली तर टेकू परत लावून गर्डरची टोके आणि पाया तपासावा लागतो.